सुडोकू: अ‍ॅपमधल्या नोट्स स्वतःच्या हाताने लिहा

निळीशाई

सुडोकूच्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की सगळ्या रिकाम्या घरांत शक्य असलेले बारीक आकडे एका झटक्यात भरले जातात. हा धागा त्या बटणाविरुद्ध आहे. रोज सुडोकू सोडवणारी, पण मध्यम पातळीच्या पुढे न सरकणारी बरीच मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांना अडवून ठेवतं ते हेच बटण, असं माझं आता पक्कं मत झालंय.

जरा कठीण कोड्यात साधारण पंचवीस ते तीस आकडे दिलेले असतात, म्हणजे पन्नासहून जास्त घरं रिकामी. प्रत्येक घरात तीन-चार शक्यता धरल्या तरी दीडशे-दोनशे बारीक आकडे पडद्यावर येऊन बसतात. त्यातला एकही चुकीचा नसतो आणि तरीही त्यातून काही कळत नाही, कारण त्यातला एकही आपण शोधलेला नसतो. दुसऱ्याने काढलेल्या नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला घेतल्यावर जे होतं तेच इथे होतं. सगळं समोर असतं, पण कुठलं महत्त्वाचं ते सापडत नाही.

आता टॅबवर स्टायलसने थेट घरात लिहायची सोय बऱ्याच ठिकाणी आलीये. मोठा आकडा लिहिला की ते उत्तर, कोपऱ्यात बारीक लिहिला की नोट. काही अ‍ॅप आकडा ओळखून त्या जागी हस्ताक्षरासारखा दिसणारा छापील आकडा ठेवतात. काही जण शाई जशीच्या तशी ठेवतात. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो, त्याबद्दल खाली बोलूच. मुख्य मुद्दा हा की लिहायचं कधी आणि किती.

मी स्नायडर पद्धतीने लिहिते. नियम एकच आहे. ३×३ च्या एका चौकोनात एखादा आकडा फक्त दोनच घरांत बसू शकत असेल, तर तो त्या दोन घरांच्या कोपऱ्यात बारीक लिहायचा. तीन घरं शक्य असतील तर लिहायचा नाही, पुढे जायचं. म्हणजे पडद्यावर जो बारीक आकडा दिसतो तो 'याचा जोडीदार याच चौकोनात आहे आणि तिसरी जागा नाही' एवढं नक्की सांगतो.

एक उदाहरण बघा. फक्त ४ चा विचार करायचाय, म्हणून लागणारे आकडेच दिलेत. ओळ ७ आणि ८ ची इथे गरज नाही.

ओळ १: . . . | . ४ . | . . .
ओळ २: . . . | . . . | . . .
ओळ ३: . ९ ८ | . . . | . ६ .
ओळ ४: . . . | . . . | . . ३
ओळ ५: . . . | . . . | . . १
ओळ ६: ४ . . | . . . | . . .
ओळ ९: . . . | . . . | . ४ .

डावीकडचा वरचा चौकोन घ्या. पहिल्या ओळीत ४ आहे, पहिल्या उभ्या ओळीतही आहे, आणि तिसऱ्या ओळीतली दोन घरं भरलेली आहेत. उरली दुसऱ्या ओळीतली दुसरं आणि तिसरं अशी दोन घरं. दोन्हींत बारीक ४ लिहा.

आता दुसऱ्या ओळीचा ४ या चौकोनात अडकला. त्यामुळे उजवीकडच्या वरच्या चौकोनात तो पहिल्या ओळीत येत नाही आणि दुसऱ्या ओळीतही येत नाही. तिसऱ्या ओळीत मध्ये ६ बसलाय, म्हणून सातवं आणि नववं घर उरलं. तिथे बारीक ४ लिहा.

मग त्याच्या खालचा चौकोन. सहावी ओळ बंद, आठवी उभी ओळ बंद, नवव्या उभ्या ओळीत ३ आणि १ बसलेले. ४ ला जागा उरते ती सातव्या उभ्या ओळीत, चौथ्या किंवा पाचव्या घरात. दोन्हीकडे बारीक ४. आणि हे लिहीत असतानाच डोळा वर जातो: सातव्या उभ्या ओळीचा ४ इथे खाली लागला, मग वरच्या चौकोनातल्या सातव्या घरातला बारीक ४ खोटा. तिसऱ्या ओळीच्या नवव्या घरात ४ नक्की.

दिलेले ४ होते फक्त तीन, आणि आपण लिहिले सहा बारीक आकडे. आपोआप भरलेल्या नोट्समध्येही हे सगळं असतंच, पण त्या घरांत २, ५, ७ वगैरेंची गर्दी असते आणि ४ च्या या तीन जोड्या कुणी वेगळ्या काढून दाखवत नाही.

तुम्ही नोट्स कशा लिहिता? कुणी वेगळी पद्धत वापरत असेल तर जरूर लिहा.

आडवीउभी

अगदी मनातलं लिहिलंत, निळीशाई. मी कागदावर पेन्सिलने सोडवत आले आणि टॅबवर आल्यावर कीपॅडने नोट्स भरायला लागले. कीपॅडमध्ये १ नेहमी डावीकडे वर, ५ मधोमध, ९ उजवीकडे खाली, अशी प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली असते. ज्यांना सगळ्या शक्यता भरायच्या आहेत त्यांना ते सोयीचं आहे. ४ शोधायचा तर प्रत्येक घराच्या डाव्या कडेला मध्यावर नजर टाकायची, बस.

माझा प्रश्न तीन घरांबद्दल. एखादा आकडा चौकोनात तीन घरांत बसतो, पण तिन्ही घरं एकाच ओळीत आहेत. तेही उपयोगाचंच आहे ना? ओळीतल्या बाकीच्या घरांतून तो आकडा जातोच की.

निळीशाई

@आडवीउभी, हो, उपयोगाचं आहे, आणि ते मी घरात लिहीत नाही. चौकोनाच्या कडेवर, त्या ओळीच्या बाजूला, एक छोटी आडवी रेघ मारते आणि रेघेवर तो आकडा लिहिते. हाताने लिहायची सोय असण्याचा हाच फायदा आहे. कीपॅडवाल्या नोट्स घराच्या आतच राहतात, कडेवर काही लिहिताच येत नाही.

सातपुडा

मी विरुद्ध बाजूने बोलतो.

स्नायडर पद्धत सोप्या आणि मध्यम कोड्यांना पुरते. त्यापुढे एक्स-विंग, स्वोर्डफिश, वाय-विंग असली तंत्रं लागतात, आणि त्यासाठी प्रत्येक घरातल्या सगळ्या शक्यता समोर असाव्याच लागतात. वाय-विंगला तर अशी घरं शोधायची असतात ज्यांत नेमक्या दोनच शक्यता उरल्यात. स्नायडरच्या नोट्स बघून तुम्हाला ते कळणार नाही, कारण घरात दोन बारीक आकडे दिसले म्हणजे त्या घरात दोनच शक्यता आहेत असा अर्थ होत नाही. तिसरा, चौथा आकडा तुम्ही लिहिलेलाच नसतो.

आणि एकदा सगळ्या शक्यता लागणारच असतील, तर दीडशे आकडे हाताने भरण्यात कसली बुद्धी लागते? ते कारकुनी काम आहे. बटण दाबा, आणि वाचलेला वेळ खऱ्या विचारासाठी वापरा. मी रोज सर्वात कठीण पातळीची कोडी सोडवतो आणि बटणाने माझं काहीही बिघडलेलं नाही.

निळीशाई

सातपुडा, तुमचा वाय-विंगचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणूनच मी घरात दोन वेगळ्या जागा वापरते. कोपऱ्यातला आकडा चौकोनाबद्दल बोलतो: 'हा आकडा या चौकोनात इथे किंवा तिथे'. घराच्या मधोमध लिहिलेले आकडे त्या घराबद्दल बोलतात: 'या घरात यातलाच एक, बाकी कुणी नाही'. सुडोकूपॅड या अ‍ॅपमध्ये कोपरा आणि मध्य असे दोन्ही प्रकार वेगवेगळे दिलेले आहेत. 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी आणि मार्क गुडलिफ यांना सोडवताना पाहिलंत तर हा फरक लगेच लक्षात येईल. कोपऱ्यात काय लिहायचं आणि मध्ये काय, हे ते दोघे कटाक्षाने पाळतात.

मधले आकडे मी शेवटी लिहिते, तेही सगळ्या घरांत नाही. एव्हाना निम्म्याहून जास्त घरं भरलेली असतात. ज्या ओळीत तीन-चार घरं उरलीत तिथेच भरते. दोन शक्यतांची घरं तिथेच सापडतात. तुमचे दीडशे आकडे माझ्याकडे क्वचितच होतात.

एक्स-विंगसाठी तर सगळ्या शक्यता लागतातच असं नाही. एक आकडा धरायचा, समजा ६. नऊ आडव्या ओळींवरून नजर फिरवायची आणि ज्या ओळीत ६ ला दोनच घरं उरलीत त्या ओळीच्या टोकाला टिंब द्यायचं. दोन टिंबवाल्या ओळींची घरं त्याच दोन उभ्या ओळींत आली, की त्या उभ्या ओळींतल्या बाकी सगळ्या घरांतून ६ गेला. पानभर आकडे न भरता, एका आकड्याचा विचार करून.

काजूबोंड

पणजीहून लिहितोय, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या टॉमस स्नायडरच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते तो तीन वेळा सुडोकूचा जगज्जेता झाला: २००७, २००८ आणि २०११ साली. त्यातलं २००८ चं जगज्जेतेपद त्याने आमच्या गोव्यात मिळवलं. पहिली जागतिक स्पर्धा इटलीतल्या लुका शहरात २००६ साली झाली होती, ती चेक प्रजासत्ताकाच्या याना तिलोवाने जिंकली. गोव्यातली तिसरी. नंतर २०१७ साली स्पर्धा परत भारतात आली, बंगळूरला.

या स्पर्धा कागदावर होतात. प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, म्हणून तिथे कुणी पानभर नोट्स भरत बसत नाही. किती लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही हे ठरवण्यात खरं कसब असतं. स्नायडर पद्धत त्या घाईतच आकाराला आलेली आहे. सातपुडा यांना वेळ वाचवायचाय, तर वेळेच्या दृष्टीनेही हीच पद्धत सरस आहे असं मला वाटतं.

शेवंती

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि मदत हवीये.

माझी आई रोज पेपरातलं सुडोकू सोडवते. शाळा मराठी माध्यमातली, हिशेबाची वही मराठीत, त्यामुळे आकडे देवनागरीच लिहिते. तिचे डोळे हल्ली पेपरातल्या लहान घरांना दाद देत नाहीत, म्हणून तिला टॅब घेऊन दिला आणि हाताने लिहायची सोय असलेलं एक अ‍ॅप टाकून दिलं. अडचण अशी की ती १ लिहिते आणि अ‍ॅप त्याचा इंग्रजी नऊ करतं. ४ लिहिला की इंग्रजी आठ होतो. २ आणि ३ बरोबर उमटतात, कारण ते दोन्हीकडे जवळपास सारखेच. ५ आणि ६ चं तर काय होईल याचा नेमच नाही. नोट्समध्ये हे झालं की तिला ते उशिरा कळतं, आणि मग कुठला आकडा आपण लिहिला आणि कुठला अ‍ॅपने बदलला हेच समजत नाही.

तिने एवढ्या वर्षांची सवय सोडून इंग्रजी आकडे लिहावेत असं मला वाटत नाही. विचार करताना तिचा हात देवनागरीतच चालतो. काही उपाय आहे का?

गावठाण

शेवंतीताई, मी अक्षरओळखीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून कारणासकट सांगतो.

आकडे ओळखणारी यंत्रणा कुठल्या नमुन्यांवर शिकवली आहे यावर सगळं अवलंबून असतं. या विषयातला सर्वात प्रसिद्ध संच म्हणजे एमनिस्ट. त्यात हाताने लिहिलेल्या इंग्रजी आकड्यांची ७०,००० चित्रं आहेत, ६०,००० शिकवण्यासाठी आणि १०,००० तपासण्यासाठी. अमेरिकेतल्या जनगणना खात्याचे कर्मचारी आणि शाळकरी मुलं यांच्या अक्षरातून तो तयार झाला. अशा नमुन्यांवर शिकलेल्या यंत्रणेने देवनागरी १ कधी बघितलेलाच नसतो. वर गोल आणि खाली शेपटी दिसली की तिच्या लेखी तो नऊ. दहापैकी कुठला तरी एक आकडा तिला निवडायचाच असतो, 'हा माझ्या ओळखीचा नाही' असं म्हणायची मुभा बहुतेक वेळा दिलेलीच नसते.

देवनागरी आकडे ओळखणं यंत्राला अवघड मुळीच नाही. देवनागरी हस्ताक्षरांचे संच उपलब्ध आहेत, त्यात दहाही आकडे असतात. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ते जोडायला हवेत, एवढंच. त्यांना जरूर लिहून कळवा, अशी मागणी आली तरच ते होतं.

इंग्रजी आकड्यांतही गोंधळ होतोच, बरं का. सातच्या पोटातून आडवी रेघ मारणारे असतात, एकला वर टोपी काढणारे असतात. त्यातून नोट्समधला आकडा घराच्या एक नवमांश जागेत लिहिलेला, म्हणजे मुळातच रेघा कमी आणि दाटीवाटीच्या. मोठा आकडा बरोबर ओळखला जातो आणि बारीक चुकतो याचं कारण हेच.

तुमच्यासाठी तातडीचा उपाय: सेटिंगमध्ये अक्षरओळख बंद करून नुसती शाई ठेवण्याचा पर्याय आहे का ते बघा. नसेल तर कोड्याचं चित्र कुठल्याही चित्र काढायच्या किंवा वहीच्या अ‍ॅपमध्ये घ्या आणि त्याच्यावर दुसरा थर टाकून लिहू द्या. खालचं कोडं सुरक्षित राहतं, वरची शाई हवी तेव्हा पुसता येते. अ‍ॅप चूक दाखवणार नाही, पण पेपरही ती दाखवत नव्हताच.

शेवंती

गावठाण, मनापासून आभार. अक्षरओळख बंद करायचा पर्याय त्या अ‍ॅपमध्ये नाही. वहीच्या अ‍ॅपचा उपाय मात्र चालला. पेपरातल्या कोड्याचा फोटो काढला, मोठा केला, आणि त्यावर आई लिहितेय. ती नोट्स खोडत नाही, त्यावर तिरपी बारीक रेघ मारते, म्हणजे आधी काय वाटलं होतं तेही दिसत राहतं. निळीशाई, तुमच्या पद्धतीबद्दल तिला सांगितलं तर म्हणाली, "दोन घरं असतील तेव्हाच लिहायचं, नाहीतर घर घाण होतं. मी तसंच करते." कुणी शिकवलेलं नाही.

निळीशाई

शेवंती, आईंना माझा नमस्कार सांग. खोडण्याऐवजी रेघ मारणं ही फार मोलाची सवय आहे आणि शाई जशीच्या तशी ठेवणारं अ‍ॅप मला आवडतं ते याचसाठी. कीपॅडने नोट काढली की ती नाहीशी होते. पुढे कुठे विसंगती आली, एका ओळीत दोन ६ दिसायला लागले, तर मागे जाऊन नेमकं कुठे घसरलं ते शोधायला काहीच हाती नसतं. रेघ मारलेला ६ दिसत असेल तर आपण तो कशामुळे काढला होता ते आठवतं.

आणि यावरून आणखी एक. बहुतेक अ‍ॅपमध्ये अशी सोय असते की घरात उत्तर म्हणून ६ लिहिला की त्या ओळीतले आणि चौकोनातले बारीक ६ आपोआप पुसले जातात. तीही बंद करा असं माझं सांगणं आहे.

सातपुडा

इथे मात्र मी अजिबात सहमत नाही. उत्तर लिहिल्यावर त्याच्याशी संबंधित नोट्स काढणं हे शंभर टक्के यांत्रिक काम आहे. त्यात चूक राहिली तर पुढचं सगळं बिघडतं.

निळीशाई

काम यांत्रिक आहे, पण त्या कामाच्या वेळी नजर कुठे असते ते बघा. आपण हाताने पुसतो तेव्हा त्या ओळीतल्या प्रत्येक घराकडे क्षणभर बघतो. एका बारीक ६ वर रेघ मारली की त्याच्या चौकोनातला जोडीदार ६ लगेच उत्तर होतो, कारण दोनच जागा होत्या आणि एक गेली. तिथे मोठा ६ लिहिला की त्याच्या ओळीतला पुढचा. असं एकामागोमाग एक पाच-सहा आकडे लागत जातात. स्नायडर पद्धतीचा सगळा वेग या साखळीत आहे. अ‍ॅपने गुपचूप पुसलं तर कुठल्या घरात एकटा ६ उरला ते परत शोधत बसावं लागतं.

सातपुडा

हे पटलं. साखळीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, कारण मी सगळ्या शक्यता भरतो आणि त्यात जोडीदार असं काही नसतंच. दोन्ही बटणं बंद करून मधल्या पातळीची कोडी सोडवून बघतो. सर्वात कठीण पातळीला मात्र मी बटण वापरणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आडवीउभी

सातपुडा, कठीण कोड्यांसाठीही हाताने लिहायचा एक मोठा फायदा आहे, तो तुम्हाला नक्की आवडेल. रेघा ओढता येतात!

एखादा आकडा एका ओळीत किंवा एका चौकोनात दोनच घरांत उरला, की त्या दोन घरांतले ते बारीक आकडे रेघेने जोडायचे. एक खरा असेल तर दुसरा खोटा, एक खोटा असेल तर दुसरा खरा. मग त्या रेघेच्या टोकाहून पुढची रेघ. साखळी तयार झाली की एक निळा, पुढचा हिरवा, पुन्हा निळा असे आकडे रंगवायचे. निळे सगळे खरे किंवा हिरवे सगळे खरे, तिसरी शक्यता नाही. आता एखाद्या घरातून एक निळा आणि एक हिरवा असे दोन्ही दिसत असतील, म्हणजे आडव्या किंवा उभ्या ओळीत किंवा त्याच चौकोनात असतील, तर त्या घरात तो आकडा येऊच शकत नाही. आणि एकाच ओळीत दोन निळे आले तर सगळे निळे खोटे. हे डोक्यात धरून ठेवणं मला कधीच जमलं नाही. कोड्यावरच रेघ ओढली की आपोआप दिसतं.

काजूबोंड

कोडं कुणी बनवलंय यावरही नोट्स किती लागतील ते ठरतं, असा माझा अनुभव आहे. हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तो अमेरिकेत, १९७९ साली, डेल कंपनीच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने. तो निवृत्त वास्तुरचनाकार हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेला मानला जातो. जपानमध्ये निकोली कंपनीने तो १९८४ साली आणला, आणि सुडोकू हे नाव माकी काजी यांनी दिलं. निकोलीची कोडी माणसं हाताने रचतात. दिलेले आकडे कसे मांडायचे, पहिली वाट कुठून सुटावी, याचा त्यांनी विचार केलेला असतो. ती सोडवताना नोट्स कमी लागतात, कारण रचणाऱ्याने तुमच्या नजरेची वाट आखून ठेवलेली असते.

पेपरांतून जगभर पसरलं ते मात्र संगणकाने बनवलेलं कोडं. हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना १९९७ साली टोकियोतल्या पुस्तकांच्या दुकानात हे कोडं दिसलं. त्यांनी सहा वर्षं खपून कोडी तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये ते छापून यायला लागलं. अ‍ॅपमधली बहुतेक कोडी याच जातीची. मशीन फक्त एकच उत्तर येतंय ना हे तपासतं, वाट सुंदर आहे का ते बघत नाही. पद्धत शिकायची असेल तर हाताने रचलेली कोडी घ्या, असं मी सुचवेन.

कोवळीऊन्हं

धागा पूर्ण वाचला. मी अगदी नवीन आहे. बटण बंद केलं आणि आता रिकाम्या कोड्यासमोर बसल्यावर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. घर १ घ्यायचं, काय काय बसतं बघायचं, मग घर २, असं करतेय आणि कंटाळा येतोय.

आडवीउभी

कोवळीऊन्हं, घराघराने जाऊ नकोस, आकड्याआकड्याने जा. कोड्यात जो आकडा सगळ्यात जास्त वेळा दिलाय तो आधी घे. समजा ५ पाच वेळा आहे. मग ज्या चार चौकोनांत ५ नाही तिथे तो कुठे बसतो एवढंच बघ. एकच जागा असेल तर मोठा लिही, दोन असतील तर बारीक, तीन असतील तर सोडून दे. मग पुढचा आकडा. नऊ आकडे झाले की परत पहिल्यापासून, कारण मध्ये लागलेल्या आकड्यांमुळे जागा कमी झालेल्या असतात.

निळीशाई

आणि एकाच चौकोनातल्या त्याच दोन घरांत दोन वेगवेगळे बारीक आकडे जमले की थांब. समजा २ आणि ७ दोन्ही त्याच दोन घरांत. ती दोन घरं त्या दोघांनी अडवली, तिसरा आकडा तिथे शिरूच शकत नाही. आधी तीन जागा आहेत म्हणून जे आकडे लिहायचे सोडले होते ते त्या चौकोनात परत तपास. स्नायडर पद्धतीत अशा जोड्या आपसूक डोळ्यांत भरतात.

कोवळीऊन्हं

आकड्याआकड्याने गेल्यावर खूप पुढे आले! आता इथे अडकलेय. खालच्या रांगेतला मधला चौकोन. त्यात १, ३, ६, ८ उरलेत आणि घरं चार: सातव्या ओळीत दोन, आठव्या ओळीत एक, नवव्या ओळीत एक. ३ सातव्या ओळीतल्या दोन घरांतच बसतो, ८ सुद्धा त्याच दोन घरांत. दोन्ही बारीक लिहिलेत. आठव्या ओळीत डावीकडे ६ आहे, म्हणून ६ ला सातव्या ओळीतली दोन आणि नवव्या ओळीतलं एक अशी तीन घरं होती. म्हणून तो लिहिला नव्हता.

निळीशाई

सगळं बरोबर केलंयस आणि उत्तर तुझ्याच वाक्यात आहे. सातव्या ओळीतली दोन घरं ३ आणि ८ ने अडवली. मग ६ च्या तीन घरांपैकी किती उरली?

कोवळीऊन्हं

नववी ओळ! ६ तिथे. आणि आठव्या ओळीतल्या घरात १. ३ आणि ८ चं अजून ठरत नाहीये, ते बारीकच ठेवते.

निळीशाई

हो, ठेव तसेच. आता तो नवा ६ ज्या उभ्या ओळीत बसला ती वरपर्यंत बघ. वरच्या दोन चौकोनांत त्या उभ्या ओळीत बारीक ६ असेल तर त्यावर रेघ मार, आणि त्याच्या जोडीदाराकडे जा.